दोरा कोणाच्या नावाने

मोहरुख म्हणजे चंद्रमुखी. बापाने हौसेने ठेवलेलं नाव. पुढे या चंद्राला मिशा फुटतील हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! तो गेला तेव्हा पोर लहान होती आणि तिचा वरचा ओठ आरशासारखा स्वच्छ होता. ते एक बरं झालं म्हणायचं, निदान तो तरी सुखात गेला.

बुखाऱ्याच्या त्या जुन्या मोहल्ल्यात केसांचा कारभारच मुळी अजब. दोन भुवयांच्या मधे केस नसले की बायका हळहळायच्या. उस्म्याचा पाला चुरगाळून त्याचा हिरवा रस वाटीत काढायचा, काडीला कापूस गुंडाळायचा, आणि दोन्ही भुवया नाकाच्या वर नेऊन एकमेकींना भिडवायच्या. जोडभुवई म्हणजे रूप! तेच केस चार बोटं खाली ओठावर उतरले, की मात्र बघणाऱ्याची नजर चुकल्यासारखी दुसरीकडे वळायची. आणि अंगावरच्या केसांची आणखी तिसरीच तऱ्हा. मोहरुख वयात आली तेव्हा तिच्या ओयाने, म्हणजे आईने, सबोहतने, हमामला निघताना चुन्याची भुकटी कागदात बांधून गुपचूप तिच्या पिशवीत टाकली. कशाला, कुठे, कशी, एक अक्षर बोलली नाही. जे कोणाला दिसत नाही ते काढून टाकायचं आणि जे साऱ्या गावाला दिसतं त्याला हात लावायचा नाही, असा तो न्याय.

कारण तोंडावरची लव ही कुमारिकेची खूण. मुलगी बघायला येणाऱ्या सोवची बायका चहाला तोंड लावण्याआधी पोरीची हनुवटी धरायच्या, तोंड उजेडाकडे फिरवायच्या, आणि लव जागच्या जागी दिसली की माना डोलवायच्या. ती लव काढायची लग्न ठरल्यावर. त्या दिवसाचं नाव मुयचिनोन. बायका जमायच्या, खिडक्या उघडायच्या, आणि मोहल्ल्याची मश्शाता, नवऱ्यामुली सजवणारी सालोमत, दोरा दातात धरायच्या आधी खड्या आवाजात विचारायची, "दोरा कोणाच्या नावाने?" बायका एका सुरात नवरदेवाचं नाव घ्यायच्या आणि मगच दोरा गालाला लागायचा. त्याआधी नाही म्हणजे नाही.

बरं, लव असती तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. लव म्हणजे जर्दाळूवर असते तेवढी. मोहरुखला होती ती सरळसरळ मिशी, आणि हनुवटीखाली चुकारपणे उगवलेले पाचसहा राठ केस. तिने काय नाही केलं? दवाखान्यातलं औषध आणून केसांचा रंग उडवला, तर उन्हात ती मिशी सोन्यासारखी चमकायला लागली. बाजारातून मलम आणलं, तर ओठावर असा लाल पट्टा उठला की शेजारचे विचारायचे, "आलुबालू-चेरीचा मुरंबा खाल्लास का गं?" हातांवर केस होते म्हणून ऐन उन्हाळ्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचे झगे घालायची आणि घामाने चिंब व्हायची. शेवटी तिने एकच सवय लावून घेतली. रुमालाचं टोक ओढून हनुवटीवर आणायचं आणि बोलताना ते ओठांपाशी धरायचं. मोहल्ला म्हणायचा, पोर किती मर्यादेची आहे! आईवर गेली आहे. सबोहतही अशीच रुमालाचं टोक धरूनच बोलते.

मोहरुख नर्सचं शिक्षण घेत होती आणि त्या वसंतात तिची मुलांच्या वॉर्डात पाळी लागली होती. तिथेच बहरोम होता. क्ष-किरण काढायच्या खोलीत कामाला, उंच, जरासा वाकून चालणारा. रडणाऱ्या पोरांना तो त्यांच्याच हाडांचे फोटो उजेडावर धरून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघ, आत तू किती शूर आहेस." मोहरुखला तो आवडायचा. नुसता नाही, चांगलाच आवडायचा. आणि नशीब असं जोरावर, की त्याच्याच आईने, बिबिरोबियाने, निरोप धाडला होता: येत्या गुरुवारी चहाला येतो. सोवची म्हणून. सबोहतने त्या दिवसापासून गालिचे झटकायला घेतले होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, सोमवारी, ते झालं. एका चिमुरडीला इंजेक्शन द्यायचं होतं. मोहरुख वाकली, रुमालाचं टोक सुटलं, आणि ती पोर जीव खाऊन ओरडली, "मला मिशीवाली आपा नको! दुसरी आपा आणा!"

सगळा वॉर्ड हसला. पोरांच्या आया हसल्या, मोठी नर्स हसली. दारात बहरोम उभा होता. तो हसला नाही. त्याने मान खाली घातली. तो हसला असता तर मोहरुखने एक वेळ सोसलं असतं. त्याला आपली कीव आली, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिची मैत्रीण लोला नवोईची. ते शहर नवं, तिथल्या रीती नव्या. लोलाची आई सलूनमध्ये कामाला. वसतिगृहाच्या खोलीत मोहरुख उशीत तोंड खुपसून रडत होती, ते बघून लोला म्हणाली, "अगं वेडे, यात रडण्यासारखं काय आहे? बस इथे. माझी आई रोज वीस बायकांचं काढते."

"आमच्याकडे लग्नाआधी चालत नाही."

"काय होतं? आभाळ कोसळतं?"

"सोवची यायच्या आहेत गुरुवारी."

"मग चांगलंच की! मिशी दाखवणार आहेस त्यांना?"

मोहरुखला हे पटलं असं नाही. पण डोळ्यांपुढून बहरोमची ती खाली घातलेली मान हलेना. ती बसली. लोलाने शिवणाचा दोरा घेतला, एक टोक दातात, पीळ दोन बोटांत, आणि सर्र सर्र सुरू केलं. डोळ्यांतून पाणी काय, नाकातून पाणी काय! "आई गं" म्हणायचीही सोय नव्हती, ओठ दाबून धरायचा होता. झाल्यावर लोलाने आरसा दिला. मोहरुखने बोट फिरवलं. गुळगुळीत. ती आपल्याच ओठाला हात लावून कितीतरी वेळ बसून राहिली. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

आनंद रस्त्यावर येईपर्यंतच टिकला. आता घरी काय सांगायचं? गुरुवारी सोवची बायकांपुढे दिवा मंद ठेवू, गालाला पावडर लावू, काहीतरी करू, असं तिने मनाशी ठरवलं. तोवर तिने रुमाल गालांवरून घट्ट आवळून डोक्यावर गाठ मारली आणि घरात पाऊल टाकताच कण्हायला लागली.

"काय झालं?" ओयाने विचारलं.

"दाढ."

"बघू."

"नको ओया, हात लावू नकोस, ठणकते." खोटं बोलायला दाढेइतकी सोयीची गोष्ट नाही. ओयाने तिला लवंग दिली आणि ती पुन्हा गालिच्यांकडे वळली.

पण भूक कुठे खोटं बोलते? बुधवारी दवाखान्यातून परत येताना कोपऱ्यावरच्या तंदुरातून गरमागरम संबुसे निघत होते. दिवसभर दाढेच्या नावाखाली पेज पिऊन पोर वैतागली होती. तिने एक घेतला, भिंतीकडे तोंड केलं, रुमाल खाली सरकवला आणि तोंड भरून चावा घेतला. आणि मान वळवते तर समोर सालोमत!

सालोमत म्हणजे हातात मोजे घातल्यासारख्या अंगठ्या, काजळाने काळे केलेले डोळे, आणि कोणाच्या गालावर किती केस आहेत ते आख्खी गल्ली ओलांडून सांगेल अशी नजर. ती मोहरुखच्या ओठाकडे बघत राहिली. "मुबारक" म्हणाली. आवाजात मध नव्हता, मिरची होती. मोहरुख घास न गिळताच घराकडे पळाली.

आता सालोमतच्या डोक्यात काय गेलं ते बघा. पोरीने आपल्या आपण केलं असेल, हे त्या बाईच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. साफ तोंड म्हणजे मुयचिनोन, मुयचिनोन म्हणजे ठरलेलं लग्न. मग मला का नाही बोलावलं? म्हणजे दुसऱ्या मोहल्ल्याची मश्शाता आणली! माझ्या तोंडचा घास काढला! तिचं डोकंच फिरलं. ती घरोघर विचारत सुटली, "सबोहतच्या पोरीचं तोंड कोणी केलं गं? खरं सांग, त्या हौजापलीकडच्या भवानीने ना? हातसुद्धा बेताचा आहे तिचा, हनुवटी तशीच सोडलीय!" चोराचा शोध घेताघेता तिने बातमी सगळ्या मोहल्ल्यात पोचवली. सबोहतने पोर गुपचूप देऊन टाकली. कोणाला? कोण जाणे. पण दिली.

गुरुवारी सबोहतने दस्तरखान मांडलं. बेदाणे, बदाम, साखरेचे खडे, ताज्या नान, आणि परसात पुलावाची कढई. मोहरुख आतल्या खोलीत पावडरचा डबा घेऊन बसली होती. चहा झाला, चहा गार झाला, दुसरा झाला. पुलावाचा वास गल्लीभर पसरला. दार वाजलं नाही. सबोहत अंगणात उभी राहून रस्त्याकडे कान लावत होती आणि कोणी बघतंय का म्हणून उगाच तुळशीच्या रोपांना, तिकडे तिला रैहोन म्हणतात, पाणी घालत होती. रोपं बुडायची वेळ आली तरी कोणी आलं नाही.

शेवटी दार वाजलं. आली ती शेजारीण, शराफत. हातात हलव्याची बशी, बशीवर जोडीने दोन नान. लग्न ठरलेल्या घरीच जोडीने नान नेतात, हे काय सबोहतला सांगायला हवं?

"मुबारक गं सबोहत! पण इतकं काय लपवायचं? आम्ही काय दृष्ट लावणार होतो?" शराफतने डोळे मिचकावले. "कोणाच्या नावाने?"

"काय कोणाच्या नावाने?"

"घ्या! पोरीच्या तोंडावर दोरा फिरला, आख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे, आणि ही बघा कशी साळसूद! बिबिरोबिया तर म्हणाली, दुसऱ्याला दिलेली पोर बघायला मी कशाला पाय झिजवू?"

सबोहतने बशी घेतली, हसली, दार लावलं. मग आतल्या खोलीत आली आणि मोहरुखचा रुमाल एका हिसक्यात खाली ओढला.

ओरडली असती तर बरं. तिने पोरीच्या ओठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "कोणी केलं?"

"लोलाने."

"कळतंय का तुला काय करून बसलीस? साफ तोंडाच्या पोरीचे दोनच अर्थ होतात इथे. एक तर दिलेली, नाही तर गेलेली. दिलेली म्हणू, तर नवरा दाखवा म्हणतील. दिलेली नाही म्हणू, तर... बाप नसलेली पोर. आता म्हणतील, आईला सांभाळता आली नाही."

"मला मिशीवाली म्हणाले, ओया. सगळ्यांदेखत. बहरोमदेखत."

"म्हणू द्यायचं होतं! चार दिवस कळ काढली असतीस तर काय मेली असतीस?" सबोहत खाली बसली. "आता ऐक. उद्यापासून घराबाहेर पडायचं नाही. दवाखान्यात सांगते, कावीळ झालीय. केस परत येईपर्यंत घरात बसायचं. आले की मी स्वतः बिबिरोबियाकडे जाईन, म्हणेन, सालोमतचे डोळे गेलेत, या आणि बघा. उजेडात बघा."

मोहरुख हबकली. "म्हणजे मिशी येईपर्यंत वाट बघायची? आणि आली की ती दाखवून लग्न करायचं?"

"हो!"

"आणि माझी परीक्षा?"

"परीक्षा काय, मोहल्ला घेतोच आहे."

मोहरुख रडली नाही. ती कडवट आवाजात म्हणाली, "तुला नाही कळायचं. तुला कुठे कोणी असं म्हटलंय."

हे ऐकलं आणि सबोहतचा चेहरा एकदम उतरला. रुमालाचं टोक नेहमीसारखं ओठांपाशी होतं. तिने ते हळूच सोडलं. डोक्यावरचा रुमाल मागे सरकवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं, जसं सोवची बायका पोरीचं फिरवतात तसं. मोहरुखने आईला रोज पाहिलं होतं, आणि एकदाही पाहिलं नव्हतं. वरच्या ओठावर दाट काळी रेघ. हनुवटीवर राठ केस, काही पांढरे. कानांपासून गालांवर उतरलेली लव. तिचाच चेहरा, वीस वर्षं पुढचा.

"माझ्या मुयचिनोनला दोरा तीनदा तुटला," सबोहत म्हणाली. "सालोमतची आई होती तेव्हा मश्शाता. ती म्हणाली, हिला दोरा नको, कोयता आणा. बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले. काय करणार? नवरी रडली की अपशकुन. तुझ्या बापाने कधी शब्द काढला नाही. मी दर महिन्याला सालोमतकडे जायचे, वेळ चांगला जायचा. तो गेला तेव्हापासून बंद. विधवेने कोणासाठी करायचं? ज्याच्या नावाने दोरा फिरला तो मातीत गेला, मग दोराही गेला." तिने रुमाल पुन्हा ओढला. "सात वर्षं टोक धरून फिरते. लोकांना वाटतं, मर्यादा."

"मला पण मर्यादाच वाटायची," मोहरुख म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. सबोहतनेही डोळ्यांना रुमाल लावला. पुलाव तसाच राहिला होता. दोघींनी तो कढईतच खाल्ला, पोटभर. सोवची बायकांसाठी शिजवलेला पुलाव होता, मटण सढळ हाताने पडलं होतं.

खाऊन झाल्यावर सबोहत म्हणाली, "कावीळबिवीळ काही नाही. उद्या दवाखान्यात जा." आणि रुमाल बांधून ती सालोमतकडे निघाली.

काय बोलली ते तिचं तिला माहीत. पण रविवारी मोहल्ल्यातल्या बायकांना मुयचिनोनचं बोलावणं गेलं. बिबिरोबियालाही गेलं. झाडून सगळ्या आल्या. कोणी हलवा आणला, कोणी कापड आणलं, आणि सगळ्यांनी आणलेला एकच प्रश्न होता. बिबिरोबिया आली ती नाक वर करून, हात हलवत, आणि मुद्दाम दाराजवळ बसली. आपल्या हातून गेलेली पोर कोणी पटकावली, एवढं बघून ती जाणार होती.

अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली गादी घातली होती. सालोमतने दोरा काढला, बोटांना लावायला राख बशीत घेतली, बाह्या सावरल्या. काम आपल्याकडे परत आलं म्हणून ती अगदी खुशीत होती. "हं, आण नवरीला! त्या भवानीने हनुवटी सोडलीय, ती आधी घेते."

सबोहत आली आणि गादीवर स्वतःच बसली.

"अगं, तू कुठे बसतेस? ऊठ. पोर कुठाय?"

"पोरीचा नंबर माझ्यानंतर," सबोहत म्हणाली आणि तिने रुमाल काढून मांडीवर ठेवला.

भर उन्हात सबोहतचं तोंड सगळ्यांसमोर होतं, जसं होतं तसं. शराफतच्या तोंडून "या खुदा" एवढंच निघालं. कोणीतरी मागे फिसकन हसलं. सबोहतने त्या दिशेला बघितलं, तेव्हा ते हसू थांबलं.

सालोमतचा हात हवेतच राहिला. "सबो, तू विधवा आहेस गं."

"म्हणून केस यायचे थांबलेत का?"

"पण मी विचारू काय? रीत आहे. विचारल्याशिवाय मी दोरा लावत नाही, माझी आई लावायची नाही."

"मग विचार की."

सालोमतचा तो खडा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "दोरा कोणाच्या नावाने?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाचं नाव घ्यायचं?

"सबोहतच्या," सबोहत म्हणाली.

दोरा लागला. सर्र सर्र. मोहरुख आईजवळ बसून तिच्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरत होती. सबोहतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि दोऱ्याने कोणाच्याही डोळ्यांतून येतंच, म्हणून कोणी काही विचारलं नाही. दोरा एकदा तुटला. सालोमतने मुकाट्याने दुसरा घेतला. या वेळी कोयत्याचं नाव कोणी काढलं नाही.

दाराजवळून बिबिरोबियाचा आवाज आला. "म्हणजे पोर कोणाला दिलेली नाही?"

"नाही," ओठ दाबलेलाच ठेवून सबोहत म्हणाली.

"मग तिच्या तोंडाला दोरा का लागला?"

"केस होते म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

बिबिरोबियाने तोंड वाकडं केलं. ती उठेल असं सगळ्यांना वाटलं. मोहरुखलाही वाटलं. ती उठली तर बहरोमही गेला, हे तिला स्वच्छ दिसत होतं. बिबिरोबिया उठली नाही. तिने पेली पुढे केली आणि शराफतला म्हणाली, "चहा ओत. गार झालाय." त्यावरून काही कळेना.

सबोहतचं तोंड पुसून झालं. लाल लाल झालं होतं, पण मोकळं. ती बाजूला सरकली आणि रुमाल तिने डोक्याला मागे बांधला, टोक मोकळं सोडून. "बस," ती मोहरुखला म्हणाली.

मोहरुख बसली. सालोमतने तिची हनुवटी उजेडाकडे फिरवली. दारापाशी बसलेली बिबिरोबिया मान पुढे काढून बघत होती. पोरीला वाटलं, आता काहीतरी गोड बोलावं, नजर खाली घालावी, असं काहीतरी करावं की त्या बाईला आवडेल. तिचा हात सवयीने रुमालाच्या टोकाकडे गेला. मग तिने आईकडे पाहिलं. आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

मोहरुखने हात खाली घेतला.

"दोरा कोणाच्या नावाने?" सालोमतने विचारलं. आता तिचा आवाज परत आला होता, रस्त्यापर्यंत जाईल असा.

"मोहरुखच्या," मोहरुख म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने.

सालोमतने दोरा दातात धरला आणि ती हनुवटीपासून कामाला लागली.